अलिनाच्या खुंट्यांची फळी

मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे, मित्रांनो. मालवणात बंदराजवळ अरशदभाईंच्या मागच्या पडवीत, बर्फाच्या फुटक्या खोक्यांमागे मी पडून असते.

माझा जन्म त्यांच्या मुलीसाठी, अलिनासाठी झाला. तिचं लक्ष एका जागी ठरत नसे. दात घासायला गेली की नळाजवळच्या मुंग्या बघत बसायची. एक मोजा घालून दुसरा शोधताना शाळाच विसरायची. डॉक्टरांनी सांगितलं, हा हट्ट नव्हे, एडीएचडी आहे. ओरडू नका, रोजची कामं ठरलेल्या क्रमाने तिच्या डोळ्यांसमोर ठेवा. मग तिची अम्मी नाझनीन हिने सुताराकडून मला करून घेतलं. माझ्या खुंट्यांवर तिने लाकडी पाट्या टांगल्या. ब्रश, बादली, गणवेश, दप्तर, सगळी चित्रं तिने स्वतः रंगवली. काम झालं की अलिनाने पाटी उलटी करायची.

सुरुवातीला नाझनीन शेजारी उभी राहून नुसतं बोट दाखवायची. पुढे स्वयंपाकघरातूनच कानोसा घेऊ लागली. एका सकाळी ती चहा गाळत होती, तेव्हा अलिना तयार होऊन समोर आली.

"अम्मी, आज माका कोणी कायच सांगूक नाय," ती म्हणाली.

नाझनीनने ओढणी डोळ्यांना लावली. मला तेवढं कौतुक पुरलं.

पण ताप आला, सुट्टी लागली की घडी विस्कटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं होणारच, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अरशदभाईंना मात्र ते सोंग वाटे. माणूस वाईट नव्हे, लोकांच्या बोलण्याने खचलेला. पाहुण्यांसमोर त्यांना माझी लाज वाटायची. घराला रंग देताना त्यांनी मला उतरवलं, ते कायमचंच.

"एवढ्या मोठ्या चेडवान चित्रां बघून दात घासूचे?" लेकीकडे बघत ते म्हणाले.

नाझनीन भांडली, रडली, शेवटी गप्प झाली. माझ्याविना अलिनाची कामं पुन्हा अडू लागली, घरात आरडाओरडा सुरू झाला, मग मारही. चाचाच्या घरी धाक आहे म्हणून अलिनाला त्याच्याकडे फोंडाघाटला ठेवलं.

परवा ईदला ती आली. नाझनीनने मला पुसून हळूच भिंतीला टेकवलं. सकाळी अलिना माझ्यापुढे बसली. इतक्यात अंगणात अब्बांची मोटारसायकल थांबली. तिने सगळ्या पाट्या भराभर उलट्या केल्या. दातांना ब्रश लागला नव्हता, अंगावर पाणी पडलं नव्हतं.

"सगळा झाला, अम्मी. अब्बाक सांग."

ओल्या टॉवेलने नाझनीनने लेकीचं तोंड पुसलं आणि मला उचलून पुन्हा पडवीत ठेवलं.

मित्रांनो, मला आता वाळवी लागली आहे. कुणी मला परत टांगेल, अशी आशा नाही. तुमच्या वर्गात अशी एखादी अलिना असेल, तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या घरी एखादी फळी असेल, तर ती राहू द्या, कितीही वर्षं लागली तरी.

आमची अलिना उद्या फोंडाघाटच्या एसटीत बसेल. एकेकाळी दप्तर स्वतः भरणाऱ्या तिची पिशवी आज अम्मी भरत आहे.