छत्तीस पत्रावळी

वरद सरांनी कागदाची तिसरी पट्टी ओल्या कार्पेटवर दाबली, उचलली आणि ती गडद निळी झालेली आम्हाला दाखवली. "पीएच अकरा," ते म्हणाले. "तिन्ही वेळा अकरा. धुण्याचा सोडा आहे हा, मॅडम."

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या नगरला ठाऊक आहे. (पाटीवर अहिल्यानगर झालं, तोंडातलं नगर काही जात नाही.) पण त्या क्षणी राग यायच्या आधी मी घाबरले. कारण तो हॉल गेली तीन वर्षं मीच धूत होते.

जामखेडहून खर्ड्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच कारभारीअण्णांचं एसी मंगल कार्यालय आहे. हॉलभर आणि स्टेजवर चौकोनी कार्पेट टाइल्स टाकलेल्या. कंपनीची वॉरंटी दहा वर्षांची, पण तिच्या अटी सासूपेक्षा कडक. दर सहा महिन्यांनी गरम पाण्याच्या मशीननं धुवायचं, म्हणजे पाणी आत मारायचं आणि त्याच दमात मळासकट बाहेर ओढायचं. साबण सौम्य, सोडा अजिबात नाही. चोवीस तासांत कार्पेट खडखडीत कोरडं. आणि हे सगळं कंपनीच्या यादीतल्या माणसानंच करायचं. नगर जिल्ह्यात त्या यादीत एकच नाव होतं, रोहिणी, म्हणजे मी. त्यासाठी मी पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, एकदा नापासही झाले.

तिसऱ्या वर्षी टाइल्सच्या कडा उन्हातल्या पापडासारख्या वर यायला लागल्या. अण्णांनी कंपनीकडे दावा लावला आणि तपासायला पुण्याहून वरद सर आले. माझ्या सहाही धुण्यांच्या पावत्या त्यांनी बघितल्या, मान डोलावली. मग जिथं कडा सगळ्यात जास्त सुटल्या होत्या त्या स्टेजवर गेले आणि तिथं हा अकरा निघाला.

"सोड्यानं टाइलच्या पाठीचा गोंद सुटतो," ते म्हणाले. "दावा नामंजूर. आणि यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

"मी बोल्लो नव्हतो?" कारभारीअण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "ही पोरगी काय वापरती देव जाणे." पोरगी म्हणजे अंबिका. मशीन तीच चालवते, खर्ड्याची आहे, माझ्याकडं पाच वर्षं आहे.

"ताई, मी सोडा आणलासुदिक न्हाई कधी," अंबिका म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, मला संशय आला. त्याला कारण होतं. चौदा महिन्यांपूर्वी याच स्टेजवर माझं लग्न झालं. अंतरपाटामागं उभी होते, मंगलाष्टकं चालू होती आणि माझ्या पायांना ओल लागली. त्याच्या दोनच दिवस आधी अंबिकानं हॉल धुतला होता. बाकीच्या नवऱ्या अशा वेळी काय विचार करतात माहीत नाही, मी चोवीस तासांच्या अटीचा विचार केला. माळ घातली, आणि मुंडावळ्या तशाच बांधलेल्या असताना तिला बोलावून सगळ्या पाहुण्यांसमोर झापलं. ती म्हणाली होती, "ताई, मी कोरडं करूनच गेल्ते." मी ऐकून घेतलं नाही.

आता मात्र मला एक गोष्ट टोचली. "सर, तिन्ही पट्ट्या तुम्ही स्टेजवरच लावल्या. कडा तर सगळ्या हॉलमध्ये सुटल्यात. खाली तपासा ना."

त्यांनी रिकामी डबी उलटी करून दाखवली. "संपल्या. आणि मला पाचला पुण्याला निघायचंय."

"मग पट्टीशिवाय तपासू."

"कशानं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी नुसती तावातावानं बोलत होते. तेवढ्यात स्टेजमागच्या भिंतीकडं लक्ष गेलं. आदल्या दिवशीच्या लग्नातला हळदीचा पंजा तिथं उमटला होता आणि कुणीतरी तो साबणानं पुसायला गेलं होतं. अर्धा पंजा पिवळा होता आणि अर्धा लालभडक.

"हळद!" मी ओरडले. "अंबिका, कोठीतून हळद आण. आणि पत्रावळी. आणि जेवणाचे पांढरे नॅपकिन."

"मॅडम, काय चाललंय?"

"सर, तुमच्या आईनं हळद लागलेला शर्ट कधी साबणात टाकलाय का? लाल होतो की नाही? हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते. सोडा लागला तरी होते. तुमची पट्टी निळी होते, आमची लाल. फरक काय?"

ते हळूच म्हणाले, "कार्पेटवर हळद टाकलीत तर डाग पडेल."

"टाकणारच नाही. नॅपकिन साध्या पाण्यात भिजवून कार्पेटवर दाबायचा, पाच मिनिटांनी उचलायचा, पत्रावळीवर ठेवायचा आणि मग त्याच्यावर हळद."

आता त्यांचेही डोळे चमकले. "पाणी बाटलीतलं घ्या, बोअरचं नको. आणि एक नॅपकिन कार्पेटला न लावता तसाच ठेवा, तुलनेला." मला वाटलं होतं हा माणूस फक्त नाही म्हणायला शिकलाय. तो बाह्या सरसावून गुडघ्यावर बसला.

आम्ही हॉलचे छत्तीस भाग पाडले. अंबिका नॅपकिन दाबत पुढं, मी मागून पायानं वजन देत. कोठीतल्या बायका, मांडववाले, झाडूवाला भिमाजी, सगळे भिंतीला लागून उभे राहिले. अण्णांच्या आई राहीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. हॉलमध्ये ज्या क्रमानं जागा होत्या त्याच क्रमानं बाहेरच्या व्हरांड्यात पत्रावळी मांडल्या, पंगत बसवतात तशा. प्रत्येकीवर ओला नॅपकिन. मी पहिल्या ओळीवर चिमूट टाकली.

पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी, चौथी. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. तुलनेच्या नॅपकिनाशेजारी वरद सर प्रत्येक पत्रावळ ताडून बघत होते. विसाव्या पत्रावळीला भिमाजी मोठ्यानं मोजायला लागला. पंचवीसनंतर सगळेच मोजायला लागले. बत्तीस पिवळ्या. राहिल्या स्टेजच्या चार.

तेहतिसावीवर हळद पडली, ओलसर झाली आणि डोळ्यांदेखत लाल झाली. मग चौतिसावी. पस्तिसावी. छत्तिसावी, स्टेजच्या पायरीची, तीही लाल.

"फक्त स्टेज," वरद सर म्हणाले. "बाकी हॉल स्वच्छ आहे. आणि कडा तिथंही सुटल्यात, म्हणजे तिथला दोष आमच्या गोंदाचा. बत्तीस भागांच्या टाइल्स कंपनी बदलून देईल. यादीत तुमचं नाव राहील." मांडववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उडीच मारायची बाकी होते.

"पण स्टेजवर सोडा आला कुठनं?" अण्णांनी विचारलं, आणि पुन्हा अंबिकाकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघतो," दारातून राहीबाई म्हणाल्या. "मी घासते."

राहीबाई खुर्ची सोडून उठल्या आणि पत्रावळींपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दर लग्नाच्या सकाळी. बादलीत सोडा टाकायचा आन् नवरी हुबी ऱ्हाती तेवढी जागा घासायची. आधल्या नवरीचं हळद-कुकू तिथं सांडल्यालं असतं. दुसरीच्या कुकवावर नवी नवरी कशी हुबी करायची? तिला तर एकदाच हुबं ऱ्हायचं असतं तिथं."

"आई, अगं मशीन आहे ना त्याला," अण्णा चिडले. "वॉरंटी गेली स्टेजची."

"मशीन सा महिन्यांनी येतं. लग्नं रोज हायेत." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुझ्या लग्नाला तर मी दोनदा घासलं, रोहिणी. तू हितं राबती, म्हनून जास्त निगुतीनं. लई वल ऱ्हायली हुती, पंख्यानं वाळंना. तुला कळलं न्हाई ना?"

आयुष्यात इतक्या वेळा मी बरोबर होते, आणि आजच्याइतकी बरोबर कधीच नव्हते, आणि तरी मान वर होईना. त्या दिवशी पायाला लागलेली ओल माझ्यासाठी कुणीतरी पहाटे उठून, म्हातारे गुडघे टेकून केलेली होती.

"अण्णा, आजींना ओरडू नका," मी शेवटी म्हणाले. "स्टेजवर कार्पेटच नको. शहाबादी फरशी टाका. मग त्यांना सोडा घासू दे, नाहीतर राख घासू दे. फरशीला वॉरंटी लागत नाही."

वरद सर हसले आणि अहवाल लिहायला बसले. राहीबाईंनी विचारलं, "फरशी गार लागंल का नवरीच्या पायाला?" अण्णा म्हणाले, "पाट ठेवू, आई."

अंबिका व्हरांड्यात पत्रावळी गोळा करत होती, पिवळ्या वेगळ्या आणि लाल वेगळ्या. सगळे अजून तिथंच होते. मी तिला झापलं होतं तेव्हाही सगळे होते, म्हणून मी मुद्दामच मोठ्यानं बोलले.

"अंबिका, माझ्या लग्नात तू कोरडं करूनच गेली होतीस. मी ऐकलं नाही. आजही मला तुझाच संशय आला होता. चुकलं माझं."

तिनं हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या आणि पदराला हात पुसले. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता.

"व्हय ताई, चुकलंच हुतं," ती म्हणाली. "चौदा महिने झाले. म्या वाट बघत हुते."