हाजरा फॉलला गेलेली घरगाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. सध्या माझा मुक्काम गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, पुरनलालच्या खळ्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली असतो. माझ्या मागच्या पलंगाखाली एक कोंबडी अंडी उबवत बसली आहे. 'हिचा हॉर्न सोडून सगळे वाजते' असा जुनापुराणा विनोद गावातली पोरे माझ्यावर करतात. करू देत. जिने एके काळी राजवाडे वाहिले, तिने असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे नसते.

राजवाडे म्हणजे पडद्यावर रंगवलेले. माझे इंजिन कारखान्यात जन्मले, पण मला रूप दिले नागपूरच्या एका मिस्त्रीने. त्याने पत्रा ठोकला, बाके बसवली, कपाळावर मोर काढला आणि मला वडशाच्या एका नाटक मंडळीच्या हवाली केले. आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. माझ्या टपावर पडदे आणि पेट्या, पोटात तबला, हार्मोनियम आणि भांडखोर नटमंडळी. नायिका माझ्या आरशात बघून टिकली लावायची. गावाच्या वेशीवर मी दिसले की 'आली, नाटकाची गाडी आली!' अशी हाकाटी व्हायची. मंडळीचे मालक भैयाजी दसऱ्याला मला झेंडूचा हार घालून नारळ फोडत. खोटे कशाला बोलू, तेव्हा मला फार गर्व झाला होता.

माझा ड्रायव्हर पुरनलाल. पावसाळ्यात धानाची शेती करायची आणि हिवाळ्यात मला चालवायचे, असे त्याचे वर्ष वाटलेले होते. आम्ही दोघे एकत्रच म्हातारे झालो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. स्वभावाने सोने, पण एक खोड भारी. रस्त्याने जाताना कोणाच्याही बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, पाणी गळताना दिसले की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच म्हणून समजा. खेकडे धुऱ्याच्या बांधाला बिळे पाडतात, त्यातून पाणी झिरपते आणि बघता बघता खांड पडून धुरा फुटतो. पुरनलाल फावडे घेऊन उतरायचा, परक्याच्या धुऱ्यावर माती थोपायचा आणि चिखलाच्या पायांनी परत येऊन मला चालू करायचा. "धान कोनाचाही असो, पान्यावाचून मरताना पाहवत नाही," म्हणायचा. आमच्याकडचा धानवाला माणूस असाच असतो, पण हा त्या सगळ्यांचा मुकुटमणी.

अशा माणसाची बायको सुखवंताबाई. त्यांची एकच हौस होती. दर नवरात्रात त्या बायांबरोबर रेल्वेने डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला जात. दरेकसा सुटले की झाडांच्या मागे डोंगरावरून पडणारे पाणी क्षणभर दिसायचे आणि लगेच बोगदा यायचा. तो हाजरा फॉल. परत आल्यावर त्या दरवर्षी म्हणायच्या, "एक डाव त्या पान्याखाली उभं राहाचं हाये मले." पुरनलाल दरवर्षी हो म्हणायचा. पण धबधब्याला पाणी असते तेव्हा शेतात काम असते, आणि शेत मोकळे झाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. अख्ख्या झाडीपट्टीला फिरवणाऱ्या माणसाला घरच्या माणसाला तेवढे एक ठिकाण दाखवणे जमले नाही.

पुढे भैयाजींनी नवी गाडी घेतली आणि मला आवाराच्या कोपऱ्यात लोटले. एकेक करून माझे आरसे गेले. टायरांतली हवा गेली. मोराच्या पिसाऱ्यावर गंज चढला. मित्रांनो, गाडीला भंगाराची भीती वाटत नाही. उभे राहण्याची वाटते. एक दिवस पुरनलाल आला, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि भैयाजींना म्हणाला, "हिले मी नेतो." भैयाजींनीही आढेवेढे घेतले नाहीत.

त्याचा मुलगा टिकेश गोंदियात वेल्डिंगचे काम करतो. त्याने माझी बाके काढून दोन पलंग बसवले, शेगडीचा ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. सून रविताने खिडक्यांना पडदे शिवले, तेही नाटकाच्या जुन्या पडद्याचे! त्यामुळे माझ्या एका खिडकीत राजवाड्याचा खांब आला आणि दुसरीत अर्धा हत्ती. गावाने माझे नाव ठेवले घरगाडी. त्याच सुमारास डॉक्टरांनी सुखवंताबाईंचा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितले, यंदा चढउतार करून घ्या, पुढे जमणार नाही. ते ऐकून पुरनलालचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात त्याने शेत शेजारच्या चैतरामवर सोपवले आणि आम्ही चौघांना घेऊन निघालो. आम्ही म्हणजे मी.

दाराशीच ठिणगी पडली. "फिराले जाऊन राहिलो का चिखल कराले? फावडा कायले घेता जी?" सुखवंताबाईंनी विचारले.

"चाक फसलं त कामी येते," पुरनलाल म्हणाला. मला हसू आले. माझे चाक त्याच्या हातून कधी फसलेले मला तरी आठवत नाही.

पहिला मुक्काम बोदलकसाच्या तलावाकाठी. ती सकाळ आठवली की अजून माझा पत्रा गार होतो. पाण्यावर धुके होते. ढीवर, आमच्याकडचे मासेमार, लाकडी डोंग्यांतून जाळी ओढत होते. रविताने त्यांच्याकडून ताजी मासळी घेतली आणि माझ्या ओट्यावर रस्सा रटरटला. सुखवंताबाई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी आयता चहा दिला असावा, कारण त्या कपाकडेच बघत राहिल्या. मग आम्ही तलावाच्या काठाकाठाने हळूहळू फिरलो, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेने गेलो. चितळांचा कळप आडवा आला तर टिकेशने मला थांबवले आणि सारे श्वास रोखून बसले. नाटकवाल्यांना मी कितीतरी गावे दाखवली, पण असे बघणारे कोणी माझ्यात बसले नव्हते.

दरेकशाला निघालो त्या दिवशी मात्र घात झाला. सालेकशाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच बांधी. धान नुकता निसवलेला, लोंब्या बाहेर आलेल्या, आणि धुऱ्यातून पाण्याची धार रस्त्यावर. टिकेश गाडी चालवत होता, तरी पुरनलालचा पाय रिकाम्या जागी दाबला गेला.

"टिकेश, थांबव!"

"बाबा, फॉल बंद होईन! पाच वाजता बंद करतेत तिथं."

"दोन फावडे माती टाकतो अन येतो."

दोन फावड्यांनी काय होते! आत बीळ खोल होते. पुरनलाल गुडघाभर चिखलात, टिकेश मातीची ढेकळे आणतो आहे, आणि सुखवंताबाई माझ्या खिडकीतून, अर्ध्या हत्तीशेजारून, उतरणाऱ्या उन्हाकडे बघताहेत. आम्ही पोचलो तेव्हा गावच्या समितीच्या पोरांनी वाटेवर दोर बांधला होता. "आता उद्या या काकाजी," ती म्हणाली. आतून पाण्याचा आवाज येत होता.

घरगाडीत नवराबायकोचे वाजले की मोठी पंचाईत होते, कारण रागाने जायला दुसरी खोली नसते. सुखवंताबाईंनी पुरनलालला भात वाढला आणि तोंड भिंतीकडे केले. तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, "दुनियेचे धुरे बांधले तुमी. माह्यासाठी एक दिवस नाही निंगला." पुरनलाल मान खाली घालून भात चिवडत बसला. मला त्याची दया आली, पण बाजू मी त्यांचीच घेतली.

सकाळी सारे तयार झाले. सुखवंताबाई नवे लुगडे नेसल्या, रविताने गुडघ्याला पट्टा बांधून दिला. तेवढ्यात पुरनलालचा फोन वाजला. चैतराम ओरडतच होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"पुरनभाऊ, तुमचा तलावाकडचा धुरा फुटला! मोठी खांड पडली! मी माती टाकून राहिलो, पन एकट्याच्यानं नाही होत. लवकर या, नाहीतर बांधी सुकन!"

ती बांधी म्हणजे पुरनलालची सर्वांत चांगली जमीन, आणि धान ऐन निसव्यात. अशा वेळी पाणी गेले की दाणा भरत नाही, नुसते पोचट उरते. सुखवंताबाईंनी पट्टा सोडायला हात घातला. त्याही शेतकऱ्याचीच लेक. "चला जी, घरी चला," त्या म्हणाल्या. "दिसलं एवढं पुरे झालं."

पुरनलाल चालकाच्या बाकावर येऊन बसला. त्याने माझ्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मला वाटले, आता किल्ली फिरणार. आणि फिरली असती तरी ती त्याची चूक म्हणायला मला तोंड नव्हते.

तो फोनमध्ये म्हणाला, "चैतराम, तुह्यानं होईन तेवढं कर. मी आज नाही येत." आणि त्याने फोन माझ्या कप्प्यात टाकून खटकन झाकण लावले.

"काऊन जी? धानाचं का होईन?" सुखवंताबाई घाबरून म्हणाल्या.

"धान पुढच्या साली बी होते," पुरनलाल म्हणाला. "उतर. मी धरतो तुले."

मला पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून पुढचे मी पाहिलेले नाही. माझ्या राखणीला थांबलेल्या टिकेशला रविताने नंतर सांगितले ते मी ऐकले. वाट ओली होती, गुडघा अर्ध्यातच बोलू लागला. मग पुरनलालने एका बाजूने आणि सुनेने दुसऱ्या बाजूने आधार दिला. पाण्यापाशी पोचल्यावर सुखवंताबाईंनी दोघांचेही हात सोडले, एकट्या पुढे गेल्या आणि तुषारांत लुगड्यासकट चिंब होईपर्यंत उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांतले पाणी माझ्या पायरीवर ठिबकत होते. पुरनलालला म्हणाल्या, "रेलगाडीतून लहानसा दिसे जी. केवढा मोठा हाये!" आणि रडू लागल्या. त्याने डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यांचे केस पुसले. सुनेसमोर असे काही त्याने कधी केले नव्हते.

त्या वर्षी ती बांधी अर्धी पोचट निघाली. कापणीला आलेल्या बायांनी हळहळ केली. पुरनलाल धुऱ्यावर उभा राहून ऐकत होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सुखवंताबाईंना घरातला उंबरठाही ओलांडवेना. आता त्या अंगणात खाटेवर बसतात, आणि माझ्याही फेऱ्या थांबल्या. शेजारणी डोंगरगडला निघाल्या की विचारतात, दरेकशाच्या पुढे पाणी दिसते, तू पाहून आलीस ते तेच का गं? मग सुखवंताबाई खाटेवर सरळ होऊन बसतात आणि सांगतात. पाणी कसे पडते, खाली उभे राहिले की कानात दुसरे काही कसे शिरत नाही, दगड कसे निसरडे. पाहून आलेल्या माणसाचे सांगणे वेगळेच असते. बाया चहा थंड होईपर्यंत ऐकतात.

मित्रांनो, माझा गंज काढा असे मी म्हणणार नाही. कोंबडीलाही राहू द्या. तुमच्या घरी मात्र नक्की कोणीतरी असेल, जे एखाद्या जागेचे नाव दरवर्षी काढते आणि दरवर्षी गप्प बसते. त्यांचे पाय चालताहेत तोवर त्यांना तिथे घेऊन जा. गाडी कोणाची का असेना.