हजार नंबरची मालकीण

मित्रांनो, दहिसरच्या एका ग्रामस्थ मंडळाच्या कचेरीत, लोखंडी कपाटावर बसलेला मी एक जुना सर्व्हर आहे. दिसायला काळा पत्र्याचा डबा. पण माझ्या पोटात अकरा वर्षांची गाणी आहेत आणि त्याचा मला गर्व आहे, तो मी लपवणार नाही.

ही गाणी मंडळाच्या सुगंधाताईंनी जमवली. नोकरी सांभाळून, दर रविवारी घरोघर जाऊन त्यांनी गावाकडच्या आज्यांकडून लग्नातली गाणी रेकॉर्ड केली. एखादी आजी लाजली, तर ताई आधी स्वतः बेसूर गायच्या. मग आजीच वैतागून सूर धरायची! एकदा गणपतीच्या फोटोंना जागा हवी म्हणून कोणीतरी दोन गाणी पुसून टाकली. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. तेव्हापासून गाण्यांचा फोल्डर फक्त त्यांनाच उघडायचा. मी ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्यात तशी सोय असते.

गेल्या महिन्यात मंडळात जुन्या कॉम्प्युटरच्या जागी नवा आला आणि मला त्याला जोडलं. वापरणाऱ्यांची नावं घालताना ताई म्हणाल्या, "पहिलं नाव काकांचं." श्यामसुंदरकाका मंडळाचे अध्यक्ष. माउसला त्यांनी आजवर बोट लावलेलं नाही. पण पहिला नारळ, पहिली खुर्ची, पहिला चहा त्यांचाच, तसं पहिलं नावही त्यांचंच. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका रविवारी रुक्मिणीआजी बोरिवलीहून आल्या. त्यांची धाकटी बहीण जानकी श्रावणात गेली. दोघींनी मिळून गायलेलं एकच गाणं या जगात उरलं होतं आणि ते माझ्याकडे होतं. सोबत त्यांची नात जान्हवी होती.

ताईंनी फोल्डर उघडायला घेतला आणि मी नकार दिला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नकार. ताईंचा चेहरा पांढरा पडला.

"जानकीचो आवाज खंय गेलो गो?" आजींनी विचारलं.

जान्हवी अंधेरीच्या एका कंपनीत असेच कॉम्प्युटर सांभाळते. तिने खुर्ची ओढली. नव्या कॉम्प्युटरची सर्वाधिकारी बनून तिने फोल्डर ताईंच्या नावावर करायचा प्रयत्न केला. मी तिलाही दाद दिली नाही. तिकडचा मालक माझ्या घरी साधा पाहुणाच.

"सगळ्यांना उघडा करून टाक ना," काका म्हणाले. "आमच्या चाळीत कुठे दारं लावायचो आम्ही?"

"आणि परत कोणी गाणी पुसली तर, काका?" जान्हवीने शांतपणे कोणता फोल्डर कोणाच्या मालकीचा, ती यादी काढली. ती वाचून हसायलाच लागली. "काका, ही सगळी गाणी तुमच्या नावावर दिसतायत. कधी एवढं राबलात?"

मित्रांनो, मला नावं कळत नाहीत. जोडलेला कॉम्प्युटर जो नंबर सांगतो, त्यावरून मी माणूस ओळखतो. माणसांचे नंबर एक हजारापासून सुरू होतात. जुन्या कॉम्प्युटरवर पहिलं नाव ताईंचं होतं, म्हणून नंबर एक हजार. नव्यावर तो नंबर मानाने काकांकडे गेला आणि ताई झाल्या एक हजार एक. माझ्या लेखी त्या परक्या! अकरा वर्षांच्या मालकिणीला मी दारातून परतवलं, याची मला अजून लाज वाटते.

"मग काकांच्याच नावाने उघडू," ताई पुटपुटल्या. "एवढं काय त्यात."

"नाही गं," काका म्हणाले. "माझा नंबर हिला दे, जान्हवी. रविवार हिने घालवले, मी नाही."

जान्हवीने नव्या कॉम्प्युटरवर दोघांच्या नंबरांची अदलाबदल केली आणि मला पुन्हा जोडून घेतलं. माझ्यातल्या एकाही गाण्याला तिने हात लावला नाही. काय पोरगी आहे! मग कोणाचा कोणता नंबर, ते कागदावर लिहून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

गाणं सुरू झालं. रुक्मिणीआजी आपल्या ओळी म्हणू लागल्या. जानकीची ओळ आली की त्या थांबायच्या, बहिणीला गाऊ द्यायच्या.

चहा आला, तेव्हा काकांनी पहिला कप ताईंपुढे सरकवला.

मित्रांनो, तुमच्या घरीदारीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याच्यावरून अधूनमधून फडकं फिरवा. आणि नवं यंत्र आणाल, मानपान कराल, तेव्हा जरा थांबून आधी विचारा, की जुन्या डब्यातलं सगळं कोणी जमवलं आहे.