बारावी ओळ

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जादूशाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी नाहीशी झाली. लोपविद्येचा तास होता, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढे घडलं. ती परत आली नाही.

नाहीशी झाली ती भिंगरी. तिला परत आणायचं काम मोजपट्टीचं होतं. ही नावं वसतिगृहाने ठेवलेली. भिंगरीला कुठलाही मंत्र एकदा ऐकून यायचा. मोजपट्टी तोच तीन आठवडे घोकायची. भिंगरीचे मोजे तीन कपाटांत सापडायचे. मोजपट्टी चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायची. तीन वर्षं दोघी एकाच खोलीत राहत होत्या आणि लोपाच्या तासाला त्यांची जोडी होती.

या शाळेत लोपाची पद्धत ठरलेली आहे. जोडीतल्या एकीने आदल्या दिवशी दुसरीबद्दल बारा ओळी लिहायच्या. स्तुती नको, झाकपाक नको. दुसरी नाहीशी झाली की त्या मोठ्याने वाचायच्या. प्रत्येक खऱ्या ओळीला माणूस थोडंथोडं परत येतं. शेवटच्या ओळीत त्या माणसाला काय हवं आहे ते लिहायचं. ती चुकली तर आलेलं सगळं पुसलं जातं.

मोजपट्टीच्या अकरा ओळींत एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. भुवईवरचा व्रण आला, कुरतडलेली नखं आली, सुटलेल्या नाड्यांचे बूट आले. मग तिने बारावी वाचली : "तिला इथेच राहायचं आहे."

बाक रिकामा झाला. डाव्या टोकाशी फक्त आवाज उरला.

"मोजपट्टी, हे काय वाचलंस गं?"

मोजपट्टी कागदाकडे बघत राहिली. रविवारी संध्याकाळी भिंगरीने तिला सांगितलं होतं, की सत्र संपलं की ती शाळा सोडून मावशीच्या शिवणाच्या दुकानात जाणार. "इथे मला सगळं पहिल्या फटक्यात जमतं. कापड एकदा चुकीचं कापलं की कापलंच. मला तसलं काहीतरी करायचंय." मोजपट्टीने सगळं ऐकून घेतलं होतं आणि तासाभराने ती ओळ लिहिली होती.

लोपाच्या बाई रागावल्या नाहीत. "आवाज रविवारी सूर्य मावळेपर्यंत टिकेल," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात खरी ओळ वाच, नाहीतर मग काहीच उरणार नाही. आणि नुसती खरी असून भागत नाही. वाचणारीला ती मान्य असावी लागते."

"दुसऱ्या कुणी वाचली तर?"

"जोडी बदलता येत नाही, बाळ."

मंगळवारी मोजपट्टीने वाचलं, "तिला मावशीकडे जायचं आहे." अकराव्या ओळीपर्यंत आलेली भिंगरी पुन्हा गेली. बुधवारीही तेच झालं. गुरुवारपर्यंत आवाज बसत चालला होता.

"ती ओळ तू दात काढून घ्यायला बसल्यासारखी वाचतेस," तो म्हणाला.

"प्रयत्न करतेय मी."

"पाठांतराचा करतेयस. मंत्र आहे का तो?"

"गेल्यावर पत्र लिहिशील?"

"दोन लिहीन. तिसरं राहून जाईल."

"माहितीये. नववी ओळ."

"काय लिहिलंयस नववीत?"

"कबूल करते आणि विसरते."

आवाज हसला, मग बराच वेळ खोकला. "आणि तुझं काय? मी गेल्यावर त्या खोलीत कुणाला ओरडशील?"

"कुणाला नाही. खोली आवरलेली राहील."

"अरेरे," आवाज म्हणाला.

एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली होती. सोमवारी बाराही ओळी वाचायला मोजपट्टीला दोन मिनिटं लागली होती. शुक्रवारी सहा लागली, शनिवारी अकरा. अकरावी आणि बारावी यांच्यामध्ये भिंगरी अख्खी समोर बसलेली असे, आणि मोजपट्टी तिच्याकडे बघत थांबे. एकदा तिने खाली वाकून भिंगरीच्या बुटाच्या नाड्या बांधल्या आणि मगच पुढची ओळ वाचली. क्षणात बूटही गेले.

"मुली, वेळ संपत आलीय," बाई शनिवारी म्हणाल्या.

"हो, बाई."

"तिला ठेवून घ्यायला बघशील तर ती मुळीच राहणार नाही."

"कळतंय मला. पटत नाहीये."

रविवारी सूर्यास्त सहा बेचाळीसचा होता. मोजपट्टी चार वाजताच वर्गात गेली आणि तिने दार लावून घेतलं. पावणेसहाला बाईंनी दाराच्या काचेतून पाहिलं. अकरा ओळी वाचून झाल्या होत्या. भिंगरी बाकावर मांडी घालून बसली होती आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. मोजपट्टी ऐकत होती. कागद तिच्या हातात होता.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी बाई पुन्हा दारापाशी आल्या. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. बारावी ओळ तोवर वाचली गेली नव्हती.