ढेकणांचा आळ

मी बॅग बोलतेय. निळ्या कापडाची, दोन चाकांची. सोलापुरातल्या दुकानात प्रभुनं माझी चेन चारदा उघडझाक करून बघितली आणि मग मला घरी आणलं. पर्यटकांच्या जहाजावर खोल्या साफ करायची नोकरी त्याला लागली होती.

त्याची आई चिमाबाई टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. तिनं माझ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली. बायको अपेक्षा तेव्हा पोटुशी होती.

"बाळ बगायला कवा येणार?" तिनं विचारलं.

"नऊ म्हैन्यांनी. तोवर फोनवर बगीन की."

जहाजावर सगळ्यांना धास्ती ढेकणांची. एका खोलीत सापडला तरी बोभाटा. प्रभु रोज गाद्यांच्या शिवणी टॉर्च लावून तपासायचा. आठव्या महिन्यात फोनवर अपेक्षाला म्हणाला, "पुण्याच्या वच्छलाकाकू म्हणून प्रवासी हायत इथं. मराठी ऐकून लई खूश झाल्या. त्यांना म्हटलं, बॅग पलंगावर ठेवू नका, आधी गादीची शिवण बघा, घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका."

त्याची स्वतःची खोली जहाजाच्या तळाला होती. चार माणसं, एकावर एक पलंग. मला ठेवायला कपाट नव्हतं, म्हणून मी त्याच्या पलंगाखाली, जुन्या गादीला घासून. त्याच महिन्यात त्या गादीतून दोन ढेकूण उतरले आणि माझ्या काठात शिरले. मला कळलं, पण बॅगेला ओरडता कुठं येतं?

प्रभुच्या दंडावर गांधी उठल्या. त्यानं साहेबाला सांगितलं, गाद्या बदला. साहेब म्हणाला, प्रवासी उतरले की बघू.

पुढच्याच आठवड्यात वच्छलाकाकूंना त्यांच्या गादीच्या शिवणीत ढेकूण दिसला. त्यांनी तक्रार केली. ती खोली प्रभु साफ करायचा, म्हणून लगेच आमच्या खोलीची झडती झाली. सगळ्यांसमोर मला उलटं केलं, काठ उसवला. दोन्ही ढेकूण सापडले.

"यानंच घरून आणले," साहेब म्हणाला.

"मी आधीच सांगितलं होतं, साहेब."

"लेखी आहे?"

नव्हतं. नोकरीवरून काढून कोचीला प्रभुला आणि मला उतरवलं. जिन्याशी काकू उभ्या होत्या. "प्रभु, मी तक्रार खोलीची केली रे, तुझी नाही."

"तुमचं बरोबरच हाय, काकू. मीच बघायला सांगितलं होतं की." एवढं बोलून त्यानं मला उचललं.

सोलापुरात मे महिना होता. दारात अपेक्षा पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन पुढं आली, तर हा चार हात मागं सरला. "थांब, जवळ येऊ नको. कपडे बदलू दे."

"एवढी झाली, अजून बापाचा हात लागला न्हाय तिला," अपेक्षा म्हणाली.

त्यानं नळावर अंग घासून घासून धुतलं, मग लेकीला घेतलं. मला काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्यावर टाकलं. पंधरा दिवस मी भाजले. माझ्यात उरलंसुरलं जे काही होतं, ते मेलं.

पण महिन्याभरानं एका सकाळी पोरीच्या मानेवर ओळीनं तीन लाल ठिपके दिसले.

"डास असंल," चिमाबाई म्हणाली.

प्रभुनं गादी उलटी केली. शिवणीत ढेकूण होते. गणवेशाच्या घडीतून आले की शेजारून, कुणाला ठाऊक. त्यानं गादी जाळली, कपडे उकळले, भिंतीच्या फटी बुजवल्या. पोरीचे ठिपके थांबले नाहीत.

दुसऱ्या जहाजांनीही त्याला घेतलं नाही. आता तो एमआयडीसीत टॉवेलांचे गठ्ठे उचलतो, लेकीपासून लांब, बाहेर ओट्यावर झोपतो.

"तुमच्यामुळं न्हाय आलं ते," अपेक्षा परवा रडत म्हणाली.

"साहेब खरंच बोलला असंल," तो म्हणाला. "मीच अंगावर घिऊन फिरतोय."

जहाजावर सगळ्यांसमोर जे त्यानं मानलं नव्हतं, ते घरी मानून बसला. मला ठाऊक आहे, जहाजावर माझ्यात शिरलेले कुठल्या गादीतून आले. ते त्याला सांगणारं माझ्याखेरीज कुणी नाही, आणि मला वाचा नाही.

तुम्ही प्रवासाला निघालात तर गादीची शिवण जरूर बघा. पण तुमची गादी झटकणाऱ्याला निजायला काय दिलंय, तेही विचारा. उद्या प्रभु मला घंटागाडीत टाकणार आहे. पोरगी मात्र अजून दोन्ही हात पसरून ओट्याकडे झेपावते, आणि तो तोंड फिरवतो.