हस्तिदंती की राखी

माघातली सकाळ. कृष्णा-कोयनेच्या संगमावर धुक्याची विरविरीत वस्त्रे तरंगत होती आणि कोवळे, केशरभिजले ऊन कऱ्हाडच्या घाटपायऱ्यांवरून एकेक पायरी वर येत होते. ते उंबरठ्यांशी आले, खिडक्यांशी आले, आणि कुमुदिनीच्या घरातल्या एका रिकाम्या, खरवडलेल्या भिंतीवर येऊन थांबले.

त्या भिंतीवर नमुन्यादाखल दोन रंगांचे पट्टे मारले होते. एक हस्तिदंती : सायीसारखा स्निग्ध, किंचित उबदार. दुसरा राखी : पहाटेच्या आभाळासारखा शांत, किंचित गार.

भिंतीसमोर पलंग होता. पलंगावर तिचा नवरा, अच्युत होता.

आश्विनात, भर दुकानात, पातळाची घडी उलगडता उलगडता तो कोसळला होता. उजवे अंग गेले. वाणी गेली. त्या सगळ्या वाणीतून, गिऱ्हाइकांना रिझवणाऱ्या त्या रसाळ, रेशीमलाघवी वाणीतून, एकच शब्द मागे उरला : बरं. तहान लागली तरी बरं. दुखले तरी बरं. नको असले तरीही बरं.

तो आता उठणार नाही, असे डॉक्टरांनी कुमुदिनीला बाजूला घेऊन सांगितले होते. तेव्हापासून तिला ती भिंत दिसू लागली. पोपडे सुटलेली, ओल धरलेली, म्लान. ह्या माणसाला उरलेले सारे आयुष्य हीच भिंत पाहायची होती. निदान ती तरी सुंदर असावी, म्हणून तिने रंगारी बोलावला.

पण रंग तिने कधी निवडलाच नव्हता. लग्नानंतरचे तिचे प्रत्येक पातळ अच्युतने निवडले होते. आंबा, अंजिरी, मोरपंखी, डाळिंबी; तो दुकानातून संध्याकाळी घरी येई, तिच्या खांद्यावर पदर टाकी, दोन पावले मागे सरे, आणि मान हलवी. ती मान हलली की आपण सुंदर आहोत असे तिला वाटे. आरशाकडे ती नंतर पाही.

आज रंगारी रमजान दाराशी उभा होता. डबे उघडायचे होते, दिवस चढत होता. कोणता घेऊ, काकू, असे त्याने दोनदा विचारून झाले होते.

ती पलंगाशी वाकली. हस्तिदंती डागाकडे तिने बोट केले.

"अहो, हा घेऊ?"

"बरं."

बोट सरकले. "की हा?"

"बरं."

रमजान हळूच अंगणात निघून गेला.

ऊन भिंतीवरून सरकत होते. हस्तिदंती डाग उजळला, राखी मावळला; मग राखी उजळला, हस्तिदंती मावळला. तिने अच्युतचे डोळे निरखले. ते कुठे थबकतात, कुठे रेंगाळतात, कुठे क्षणभर निवतात. डोळे भिंतीवर नव्हतेच. ते तिच्यावर होते.

आणि मग तिचा धीर सुटला. "एकदाच," ती म्हणाली, "एवढे एकदाच सांगा. मला नाही हो कळत."

त्याचे ओठ हलले. कपाळावरच्या शिरा ताणल्या, डावा हात चादरीतून उठला. जणू एका बुडालेल्या शब्दाला तळातून वर ओढू पाहत होता. शब्द वर आला. वर येता येता तो पुन्हा तोच झाला.

"बरं," अच्युत म्हणाला, आणि एका डोळ्यातून पाणी ओघळले.

आपण त्याच्याकडे काय मागितले, हे तिला तेव्हा उमगले. तिने पदराने ते पाणी टिपले. अंगणात जाऊन तिने रमजानला हस्तिदंती सांगितला. का, ते तिचे तिलाही सांगता आले नसते.

दुपारभर कुंचला भिंतीवरून वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. पलंग तेवढा वेळ पडवीत होता. संध्याकाळी तिने आणि रमजानने तो उचलून पुन्हा जागेवर नेला.

रमजान गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. त्याचा निश्चेष्ट, ऊबभरला हात तिने मांडीवर घेतला. आता अच्युत भिंतीकडेच पाहत होता. एकटक पाहत होता. त्या पाहण्यात सुख होते की सुस्कारा, तिला वाचता येईना. आणि विचारायचे धैर्य तिच्यात उरले नव्हते.

मावळतीचे ऊन त्या ओल्या, नव्या भिंतीवर चढत गेले. छतापाशी क्षणभर थांबले. मग तेही गेले. काळोख आला, भिंत गेली, तिचा रंग गेला. आणि दोघे, हातात हात, भिंत जिथे होती तिथे पाहत राहिले.