सेन्सरचं सील

सून यंत्राचं वायरिंग करत होती तेव्हा मी टॉर्च धरून तिच्या मागे उभा होतो. तिला उजेड हवा होता म्हणून नाही, मला बघायचं होतं म्हणून. ती पॅनेल वायरिंग शिकलेली, लग्नाआधी सहा वर्षं कारखान्यात काम केलेली. मी चाळीस वर्षं हाताने लेथ फिरवलेला. तिला काम येतं हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि ज्याला काम येतं त्याच्यावरच जास्त नजर ठेवावी लागते अशी माझी समजूत आहे.

ही समजूत मला फुकट मिळालेली नाही. पूर्वी माझा एक भागीदार होता. वेगळा होण्याआधी महिनाभर तो गुपचूप माझा लेथ बिघडवत होता, म्हणजे गिऱ्हाइकं कंटाळून त्याच्या नव्या दुकानात जावीत. गेलीही. तेव्हापासून ताकच काय, मी पाणीसुद्धा फुंकून पितो.

आमचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना भोकं पाडतं. सकाळी चालू केलं की त्या शहाण्याला आपण कुठे उभे आहोत हेच माहीत नसतं. मग ते हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकतं, तिथलं बटण दाबलं गेलं की थांबतं आणि तिथून पुढची सगळी मापं धरतं. त्या जागेला होम म्हणतात. आमच्या जुन्या बटणांत धातूचा कीस अडकायचा, म्हणून सुनेने त्यांच्या जागी प्रॉक्सिमिटी सेन्सर आणले. अंगठ्याएवढी नळी, टोकाला प्लास्टिकचं तोंड. समोर लोखंड आलं की न टेकताच तिला कळतं आणि मागचा लाल दिवा लागतो.

तिने तपकिरी वायर चोवीस व्होल्टला दिली, निळी शून्याला आणि काळी कंट्रोलरला. वायरी मोटरच्या केबलपासून हातभर लांबून नेल्या. सेन्सर आणि होमच्या जागी बसवलेला लोखंडी तुकडा यांच्यात दोन मिलिमीटरची फट ठेवली आणि यंत्र दहा वेळा होमला आणून दाखवलं. मी बारीक माप दाखवणारी डायल लावून बघितलं. काटा दहाही वेळा एकाच रेघेवर. मी "बरं आहे" म्हणालो. आमच्या घरात याहून मोठं कौतुक होत नाही.

पण त्याच दुपारी तिला फोन आला. पलीकडच्या रस्त्यावर मोठं वर्कशॉप आहे, त्याच्या मालकाचा. ती बाहेर जाऊन बोलली. आत बोलता आलं नसतं का? झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. ती जेवायला घरी गेल्यावर मी बारीक लोखंडी तार घेतली, यंत्राच्या आडव्या बीमखालच्या सेन्सरची नळी आणि तिला धरून ठेवणारा नट यांच्याभोवती गुंडाळली, पीळ दिला आणि पिळावर शिशाची गोळी दाबली. विजेच्या मीटरला असतं तसं सील. कुणी नट फिरवला की तार तुटणार आणि चोर हातात सापडणार. ती जागा भिंतीच्या बाजूला आहे, वाकून हात घातल्याशिवाय दिसत नाही.

तीन दिवस यंत्र सुतासारखं चाललं. चौथ्या दिवशी भोकं मिलिमीटरभर सरकली आणि बारा पट्ट्या भंगारात गेल्या. मी आधी सील चाचपलं. शाबूत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सील शाबूत, माप चुकलेलं. दुसरा कोणी असता तर त्याला वाटलं असतं, चला, सून निर्दोष आहे. मला वाटलं, ही हात न लावता करते आहे. कॉम्प्युटरमधून.

आठवडाभर ती बिघाड शोधत होती. वायरी बदलल्या, जोड बदलले, अर्थिंग तपासलं, मोटरची केबल आणखी लांब नेली. सेन्सर काढून बघते म्हणाली तेव्हा मी तिला अडवलं. म्हटलं, त्याला हात लावू नकोस, तो मी रोज तपासतो. सासऱ्याचा शब्द म्हणून तिने तो सोडून दिला आणि पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसली. तिला तिथे बसलेली बघून माझा संशय आणखी पक्का झाला.

शुक्रवारी आणखी नऊ पट्ट्या गेल्या आणि माझा तोल गेला. मुलासमोरच म्हणालो, "त्या वर्कशॉपात जायचं असेल तर सरळ जा. जाता जाता आमचं यंत्र कशाला बिघडवतेस?"

तिने पॅनेलची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली. संध्याकाळी मुलाने सांगितलं, त्या मालकाचा तिला फोन आला होता हे खरं, पण तिने त्याला तेव्हाच नाही म्हटलं होतं. आता होकार कळवला आहे, सोमवारपासून जाणार आहे. एवढं सांगून तो माझ्याशी बोलेनासा झाला.

रविवारी सकाळी मी एकटाच आमच्या वर्कशॉपात गेलो. तिने कॉम्प्युटरमध्ये काय करून ठेवलं आहे ते आता सापडेलच, अशा तयारीने गेलो होतो. यंत्र होमला सोडलं आणि भिंतीच्या बाजूला गुडघे टेकून बसलो. लोखंडी तुकडा अजून लांब होता, तरी लाल दिवा लागला. यंत्र थांबलं. मी बीमवर थाप मारली. दिवा विझला. पुन्हा मारली, पुन्हा लागला. तेव्हा कुठे मी खाली वाकून नीट बघितलं. पीळ सैल झाला होता आणि माझ्या तारेचं एक टोक यंत्राच्या थरथरीने सेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं. तो बिचारा समोर लोखंड दिसलं की थांब म्हणत होता. रोज मी गोळी तेवढी चाचपायचो, टोक कधी बघितलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसाही मी सुनेला घालायला लावला होता.

तार कापली. यंत्र दहा वेळा होमला आणलं. काटा दहाही वेळा एकाच रेघेवर.

मी बराच वेळ तिथेच स्टुलावर बसलो. सील कुणी बघितलं नव्हतं. एक स्क्रू ढिला होता, आवळला, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. खोटं कशाला सांगू, ते वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही बघितलं. मला माझीच लाज वाटली.

घरी आलो तेव्हा ती हत्यारांची पिशवी भरत होती. मी तारेचा तुकडा तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. आपण सांगत राहिलो तर ती थांबेल असं मला वाटत होतं.

तिने तार हातात घेऊन बघितली.

"हे कधी बांधलंत, बाबा?"

"तू सेन्सर बसवलेस त्याच दिवशी. दुपारी."

"म्हणजे काही बिघडायच्या आधीच."

मी हो म्हणालो.

ती मग म्हणाली, "शुक्रवारपासून हे तुमच्यावर चिडलेत. मी दोन दिवस यांची समजूत घालत होते, की बाबांचा राग यंत्रावर आहे, माझ्यावर नाही."

तिने तार माझ्या हातात परत दिली आणि पिशवीची चेन लावली. सोमवारी सकाळी ती साडेआठला निघाली. जाताना नेहमीसारखं "येते, बाबा" म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही.